सर्वांत मोठी रात्र, ध्यान आणि नाद : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. वर्षातील सर्वांत मोठी रात्र, म्हणजे डिसेंबरातील अयनाची रात्र, ध्यान आणि नाद यांच्या साथीने कशी घालवावी, आणि ‘साउंड हीलिंग’ म्हणजे नादोपचार या नावाने जे सांगितले जाते त्यातले किती खरे मानावे, असे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या ध्यानगटात दर वर्षी वाद होतो. कोणी २१ डिसेंबर म्हणतात, कोणी २२. अयनाच्या नेमक्या क्षणी ध्यानाला बसले तरच त्या वेळच्या ऊर्जेचा लाभ होतो, असेही काही जण ठामपणे सांगतात. खरा दिवस कोणता आणि तो क्षण साधणे आवश्यक आहे का?

उत्तर : दोन्ही तारखा खऱ्या असू शकतात. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे आणि डिसेंबरात एका विशिष्ट क्षणी उत्तर ध्रुव सूर्यापासून सर्वाधिक दूर झुकलेला असतो. हाच अयनाचा क्षण. त्या वेळी सूर्य मकरवृत्तावर बरोबर डोक्यावर असतो. पृथ्वीच्या एका प्रदक्षिणेला ३६५ दिवसांहून सुमारे पावणेसहा तास अधिक लागत असल्यामुळे हा क्षण दर वर्षी तितका पुढे सरकतो आणि लीप वर्षात पुन्हा मागे येतो. २०२५ मध्ये तो भारतीय प्रमाणवेळेनुसार २१ डिसेंबरला रात्री ८ वाजून ३३ मिनिटांनी होता, तर २०२६ मध्ये तो २२ डिसेंबरला पहाटे २ वाजून २० मिनिटांच्या सुमारास येतो. त्याच वेळी लंडनच्या घड्याळात मात्र २१ डिसेंबरची रात्र असेल.

आता त्या ‘ऊर्जे’विषयी. त्या क्षणी सूर्यप्रकाशात, गुरुत्वाकर्षणात किंवा आपल्या शरीरात एकाएकी काही बदलते असे मानायला कोणताही आधार नाही. उलट अयनाचे वैशिष्ट्य असे, की त्या दिवसांत बदल जवळजवळ थांबलेला असतो. विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास समान असतात त्या दिवसाच्या, सुमारास सूर्य एका दिवसात सुमारे ०.४ अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो, म्हणजे स्वतःच्या बिंबाच्या जवळपास तीन चतुर्थांश. अयनाच्या आगेमागे तीन-तीन दिवस पाहिले, तर ही सरक इतकी थोडी असते की नुसत्या डोळ्यांना ती जाणवणारही नाही. आयर्लंडमधील न्यूग्रेंज हे सुमारे ५२०० वर्षांपूर्वीचे दगडी स्मारक याच दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्याच्या दारावरील एका झरोक्यातून अयनाच्या सकाळी सूर्यकिरण आत शिरतो, सुमारे १९ मीटर लांबीच्या अरुंद वाटेने सरकत गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो आणि सुमारे १७ मिनिटे तेथे प्रकाश राहतो. हा अनुभव केवळ एकाच सकाळी येत नाही. अयनाच्या आगेमागे काही दिवस आकाश निरभ्र असेल, तर तो येतो. ज्यांनी इतक्या नेमकेपणाने दगड रचले, त्यांनाही हा एका क्षणाचा नव्हे, तर काही दिवसांचा मुक्काम म्हणूनच दिसला असणार.

त्यामुळे गटाला माझे सांगणे असे, की २० ते २३ डिसेंबर यांपैकी ज्या संध्याकाळी सर्वांना घाई न करता बसता येईल ती निवडावी. पहाटे २ वाजून २० मिनिटांसाठी गजर लावून, झोपमोड करून बसण्याने ध्यान अधिक खोल होत नाही. बहुतेकांना केवळ डुलकी लागते. एक गोष्ट मात्र विसरू नये. आपले काही सदस्य ऑनलाइन, दक्षिण गोलार्धातून सहभागी होत असतील, तर त्यांच्याकडे हा वर्षातील सर्वांत मोठा दिवस असतो आणि त्यांची मोठी रात्र जूनमध्ये येते.

प्रश्न : उत्तरायण तर पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या मध्यावर सुरू होते. मग डिसेंबरमध्ये ते पाळणे चुकीचे ठरत नाही का?

उत्तर : सूर्य प्रत्यक्ष उत्तरेकडे सरकू लागतो तो डिसेंबरातल्या अयनापासूनच. पंचांगातील सूर्याचा मकर राशीतील प्रवेश हा ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मोजला जातो, आणि पृथ्वीच्या अक्षाची दिशा सुमारे २६,००० वर्षांच्या आवर्तनात हळूहळू फिरत असल्यामुळे या दोन घटना दर ७१-७२ वर्षांनी साधारण एका दिवसाने दूर जातात. सुमारे १७०० वर्षांपूर्वी त्या एकाच सुमारास घडत असत. दोन्ही गणना आपापल्या जागी सुसंगत आहेत. ज्यांना मोठ्या रात्रीचे निमित्त हवे आहे, त्यांनी डिसेंबरची तारीख धरावी.

प्रश्न : सूर्यास्ताला बसावे की दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाला?

उत्तर : सूर्यास्ताला, असे माझे मत आहे. (वर्षातील सर्वांत लवकरचा सूर्यास्त अयनाच्या आधीच होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय त्यानंतर येतो, कारण घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार या दिवसांत रोज थोडी वेगळी होत जाते. दिवसाची एकूण लांबी मात्र अयनालाच सर्वांत कमी असते.) सूर्यास्ताची शिफारस करण्याचे कारण असे, की मावळता प्रकाश लक्षाला काहीही प्रयत्न न करता धरून ठेवतो. भिंतीवरचा उजेड कमी कमी होताना पाहणे हेच ध्यानाचे पहिले पाऊल होते आणि नवख्या माणसाला ‘आता काय करायचे’ असा प्रश्न पडत नाही.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सिंगिंग बाऊलच्या (आघाताने किंवा कडेवरून दांडी फिरवून वाजवायच्या धातूच्या पात्राच्या) सत्राला गेले आणि मला विलक्षण शांत वाटले. तेथे सांगण्यात आले की बाऊल सात धातूंचा असतो, त्याची कंपने पेशींपर्यंत पोहोचतात आणि आजार मुळापासून बरे करतात. माझा अनुभव खरा आहे, पण हे दावे खरे आहेत का?

उत्तर : आपला अनुभव निःशंकपणे खरा आहे. दाव्यांपैकी काही भाग तपासता येतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम पात्राविषयी. ज्या जुन्या पात्रांच्या धातूचे विश्लेषण झाले आहे, ती प्रामुख्याने तांबे आणि कथिल यांच्या मिश्रणाची, म्हणजे काशाची असल्याचे दिसते. काशाचा आवाज दीर्घकाळ टिकतो हे खरे आहे आणि त्यासाठी सात धातूंची गरज नाही. पात्रावर आघात केला की त्याची कड किंचित लंबगोल होते, लगेच उलट दिशेने लंबगोल होते आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. ते डोळ्यांनीही पाहता येते. पात्रात निम्म्यापर्यंत पाणी घालून लाकडी दांडी कडेवरून सावकाश, समान दाबाने फिरवली, तर थोड्याच वेळात पाण्यावर कडेलगत चार ठिकाणी बारीक सुरकुत्या उठतात आणि मध्ये मध्ये चार जागा शांत राहतात. जोर वाढवला तर त्या चार ठिकाणांहून पाण्याचे थेंब उडू लागतात. कोणतेही हातघडणीचे पात्र पूर्णपणे गोल किंवा सर्वत्र सारख्या जाडीचे नसते, त्यामुळे त्यातून एकमेकांच्या अगदी जवळचे दोन स्वर एकाच वेळी निघतात आणि ते एकमेकांत मिसळल्याने आवाज संथपणे वाढतो, कमी होतो, पुन्हा वाढतो. आपल्याला जे ‘लाटांसारखे’ ऐकू आले असेल ते हेच.

हा हेलकावा, त्याची संथ गती आणि त्याचा लांबत जाणारा शेवट यांमुळे मन एका जागी ठरायला मदत होते. आवाज अचानक बदलत नाही, त्यात शब्द नाहीत, पुढे काय येणार याची उत्सुकता नाही. आणि ऐकता ऐकता श्वास आपोआप लांबतो. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी ६२ जणांच्या सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सत्रानंतर ताण, राग, थकवा आणि खिन्नता कमी झाल्याचे सहभागींनी नोंदवले होते. परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणजे नुसते तेवढाच वेळ शांत पडून राहिल्याने किती फरक पडला असता हे त्यावरून ठरत नाही. ताण हलका होणे आणि आजार मुळापासून बरा होणे या दोन गोष्टींत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर पार केल्याचा पुरावा कोणाकडेही नाही.

श्वास लांबण्याच्या मुद्द्याला मात्र चांगला आधार आहे. इटलीतील संशोधक लुचानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिनमधील ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हटली, तसेच ‘ॐ मणि पद्मे’ हा बौद्ध मंत्र म्हटला, तेव्हा दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि हृदयाच्या लयीतील नैसर्गिक चढउतार अधिक स्पष्ट झाले. दोन अगदी भिन्न परंपरांतील पठण एकाच गतीला येऊन थांबले, ही मला त्या अभ्यासातील सर्वांत सुंदर बाब वाटते. आपल्याला शांत वाटले त्याचे श्रेय पात्रातील धातूला देण्याआधी ते स्वतःच्या श्वासाला द्यावे.

प्रश्न : ४३२ हर्ट्‌झ हा निसर्गाचा स्वर आहे आणि ५२८ हर्ट्‌झमुळे डीएनए दुरुस्त होतो, असे सांगणारे ध्वनिमुद्रण मी अयनाच्या रात्री लावायचे ठरवले आहे. आपले मत काय?

उत्तर : ऐकायला आवडत असेल तर अवश्य लावावे, दाव्यावर मात्र विश्वास ठेवू नये. हर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेले माप आहे. सेकंदाची लांबी वेगळी ठरवली असती, तर त्याच स्वराचा आकडा वेगळा आला असता. संगीतातील प्रमाणस्वरही, म्हणजे ज्याला धरून वाद्ये जुळवतात तो स्वरही, काळानुसार बदलत गेला आहे. फ्रान्सने १८५९ मध्ये तो ४३५ वर निश्चित केला आणि १९३९ मधील लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ४४० स्वीकारला. कोणत्याही एका आकड्यात बरे करण्याची शक्ती असल्याचे सिद्ध झालेले नाही. स्वर थोडा खाली उतरवला की तो अनेकांना अधिक मऊ वाटतो, इतकेच म्हणता येईल. आवाजाची पातळी मात्र खरोखर महत्त्वाची आहे, कारण हेडफोन लावून रात्रभर ऐकण्याने कानांना इजा होऊ शकते.

प्रश्न : माझ्याकडे बाऊल नाही, गाँग (टांगून वाजवायची धातूची मोठी थाळी) नाही आणि जवळपास असे सत्रही होत नाही. घरी एकटीने काही करता येईल का? कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : सर्वांत चांगले वाद्य आपल्याकडे आहेच, ते म्हणजे आपला कंठ. मला तर एकटीने करण्याची ही संध्याकाळ मोठ्या सत्रापेक्षा अधिक मोलाची वाटते.

सूर्यास्ताच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी फोन बंद करून दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि बाहेरचा उजेड दिसेल अशा ठिकाणी बसावे. जमिनीवर बसणे अवघड असेल तर खुर्ची चालेल. पाठ ताठ, पण ताणलेली नसावी. दिवा लावू नये. पहिली दहा मिनिटे डोळे उघडे ठेवून फक्त खोलीतला उजेड कमी होताना पाहावे. वस्तूंचे रंग आधी जातात, कडा नंतर पुसट होतात. हा क्रम स्वतः पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्यानंतर डोळे मिटून भ्रामरी सुरू करावी. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, ओठ हलके मिटलेले, दात मात्र एकमेकांपासून सुटे ठेवावेत आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा गुंजनाचा आवाज काढावा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेहून लांब असावा. चार सेकंद घेतला तर सहा-सात सेकंद सोडावा. एक तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवून स्वर खाली उतरवला, तर हाताखाली स्पष्ट कंप जाणवतो. स्वर थोडा चढवला की तोच कंप गळ्याकडे, मग नाकाच्या मुळाशी आणि कपाळाकडे सरकल्यासारखा वाटतो. या सरकण्यामागे लक्ष ठेवावे. आवाज मोठा करण्याची गरज नाही, सूर लागण्याचीही नाही. स्वीडनमधील संशोधक एडी वाइट्झबर्ग आणि योन लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवून दिले, की शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत गुंजन करताना नाकातील नायट्रिक ऑक्साइड सुमारे पंधरापट वाढते, कारण कंपनांमुळे सायनसमधील हवेची देवाणघेवाण वाढते. एवढ्यावरून सर्दी किंवा दमा बरा होतो असा अर्थ काढू नये. पण गुंजनाने शरीरात प्रत्यक्ष काही घडते, हे यातून दिसते.

दहा-बारा आवर्तने झाली की थांबावे. चक्कर आल्यासारखे वाटले तर त्याआधीच थांबून नेहमीचा श्वास घ्यावा. आणि आता खरा महत्त्वाचा भाग येतो : पुढची किमान पंधरा मिनिटे काहीही करू नये. शेवटचे गुंजन संपल्यावर कानांत, छातीत, कपाळात जे उरते ते ऐकत राहावे; आवाज नेमका कधी संपला आणि त्याची आठवण कधी सुरू झाली हे शोधण्याचा प्रयत्न करावा. मन भरकटणारच, ते भरकटले हे लक्षात आले की स्वतःवर न रागावता पुन्हा ऐकण्याकडे यावे. अनेक सत्रांत एक आवाज संपण्याआधी दुसरा सुरू केला जातो, पाण्याचा आवाज, घंटा, गाँग, बासरी यांची गर्दी होते आणि ही शांतता वाट्याला येतच नाही. माझ्या मते नाद हा या शांततेत जाण्यासाठी आहे, आणि तीच कापून टाकली तर संध्याकाळ केवळ ऐकण्यात जाते.

शेवटी, वाटल्यास, सरत्या वर्षातील एखादी गोष्ट कागदावर लिहावी. मी संकल्पांची यादी करण्याचा आग्रह धरणार नाही. नुकत्याच शांत झालेल्या मनावर लगेच कामे लादू नयेत.

प्रश्न : दर वर्षी नोव्हेंबरपासून माझा उत्साह ओसरतो, झोप वाढते, कशातच रस राहत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आपोआप बरे वाटू लागते. मी सध्या परदेशात, फार उत्तरेला राहतो. अयनाच्या ध्यानाने हे बरे होईल का?

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे ऋतुनुसार येणाऱ्या नैराश्याशी जुळतात. अमेरिकेतील मानसिक आरोग्य संस्थेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याचे पहिले सविस्तर वर्णन केले. हा मनाचा कमकुवतपणा नाही आणि त्यावर उपचार आहेत, म्हणून कृपया अयनाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. सकाळी उठल्यावर लवकरच सुमारे १०,००० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप आहे) खास दिव्यासमोर अर्धा तास बसणे हा त्यातील एक मान्य उपचार आहे. परंतु डोळ्यांचा विकार असेल किंवा बायपोलर विकाराचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये. सकाळी बाहेर फिरणेही उपयोगाचे आहे, कारण ढगाळ दिवशीसुद्धा बाहेरचा उजेड घरातल्या उजेडाच्या कित्येक पट असतो. ध्यान सोबतीला ठेवावे. आपल्यासाठी मी वर सांगितलेली अंधारातली संध्याकाळ सुचवणार नाही. आपण सूर्योदयाला, खिडकीपाशी किंवा बाहेर बसावे. आणि जगणे नकोसे वाटण्याचे विचार येत असतील, तर आजच घरातल्या कोणाला तरी सांगून त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या नादोपचाराने बंद करता येतील, असे एका उपचारकांनी सांगितले आहे. काय करावे?

उत्तर : गोळ्या बंद करू नयेत. असे सांगणाऱ्या व्यक्तीकडे पुन्हा जाऊ नये. आईंना नाद ऐकून बरे वाटत असेल तर त्यांनी औषधे चालू ठेवून तो ऐकावा, आणि रक्तदाब खरोखर कमी येऊ लागला तर मात्रा कमी करायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : मी या वर्षी प्रथमच वीसेक जणांसाठी अयनाचे नाद-ध्यान सत्र घेणार आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आधी प्रत्येकाला विचारावे. ज्यांना फीट येते, ज्यांना कानांत सतत आवाज येण्याचा त्रास आहे, ज्यांना साधे आवाजही असह्य होतात किंवा ज्यांच्या मनावर मोठा आघात होऊन गेला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून यावे, दाराजवळची जागा घ्यावी आणि केव्हाही उठून जाण्याची त्यांना मोकळीक असावी. गर्भवती स्त्रिया, पेसमेकर बसवलेले आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांच्या अंगावर पात्र ठेवून वाजवू नये. गाँग कोणाच्याही डोक्याजवळ ठेवू नये. तो खोलीच्या टोकाला असावा आणि मंद आवाजापासून सुरुवात करावी. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंतच चालतो असे मानले जाते आणि दर तीन डेसिबल वाढीला ती मुदत निम्मी होते, एवढे ध्यानात ठेवले तरी जोराने वाजवण्याचा मोह आवरता येतो.

डोळे मिटून पडणे काहींना सुखद वाटत नाही. डोळे उघडे ठेवण्याची, बसून राहण्याची मुभा सुरुवातीलाच सर्वांसमोर सांगावी, म्हणजे कोणाला एकटे पडल्यासारखे वाटणार नाही. कोणाला रडू आले तर त्याला ‘जुन्या वेदना बाहेर पडत आहेत’ असा अर्थ लावू नये. जवळ जाऊन हळू आवाजात काही हवे आहे का, एवढे विचारावे. सत्राच्या निम्म्याहून अधिक वेळ वाद्ये वाजत राहणार नाहीत असे आखावे. आणि सत्र संपल्यावर दिवे हळूहळू लावून सर्वांना दहा मिनिटे बसू द्यावे, पाणी द्यावे. ज्यांना स्वतः गाडी चालवत परतायचे आहे ते पूर्ण जागे झाले आहेत याची खात्री करूनच त्यांना निघू द्यावे.